नुसते भान आणि सम्यक स्मृती



बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील गावोगावच्या विहारांत पौर्णिमेला वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. परमपूज्य बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन अष्टांगिक मार्गापर्यंत आले की पुष्कळ उपासक सातव्या अंगाशी अडखळतात. सम्यक वाचा समजते, सम्यक आजीविका समजते. पण सम्यक स्मृती म्हटले की प्रश्न येतो, "म्हणजे शुद्धीवर राहणे ना? ते तर आम्ही राहतोच. रस्ता ओलांडताना गाडी पाहतो, कडबाकुट्टीत वैरण सारताना बोटे सांभाळतो, पैसे मोजताना लक्ष ठेवतो. मग तथागतांनी यात वेगळे ते काय सांगितले?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर देणे अगत्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे सम्यक स्मृती हा केवळ भिक्खूंचा विषय नाही. ज्याने ज्याने त्या प्रतिज्ञा उच्चारल्या त्याने सम्यक स्मृतीचाही शब्द दिला आहे. आता स्मृती म्हणजे नुसते शुद्धीवर असणे असे मानले, तर सकाळी डोळे उघडले की प्रतिज्ञा पुरी झाली, पुढे करायचे काही उरले नाही. मग ज्या घरातल्या आजोबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली, त्याच घरात नातवाच्या पिढीला बाटली परत का आली? पिणारा काही झोपेत पीत नाही. आपण पितो आहोत हे त्याला ठाऊक असते. बायकोवर हात उगारणाऱ्याला आपण हात उगारतो आहोत हे दिसत असते. तेव्हा आपल्याकडे माहितीचा तोटा नाही आणि भानाचाही तोटा नाही. तोटा आहे तो ऐनवेळी आठवण राहण्याचा. या आठवणीलाच धम्मात सति म्हटले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. पालीतील 'सति' म्हणजे संस्कृतातील 'स्मृती'. 'सती जाणे' या दुष्ट रूढीतल्या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. स्मरणे या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. मूळ अर्थच आठवण असा आहे. केवळ समोरचे पाहणे हा त्याचा अर्थ नव्हे.

स्मृती म्हटल्याबरोबर आपल्या लोकांना दुसरीही एक स्मृती आठवते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तीही एक आठवणच होती. अमक्याने अमक्याच्या पायरीने राहावे, तमक्याने पाण्याला शिवू नये, ही आठवण त्या ग्रंथाने हजारो वर्षे साऱ्या समाजाच्या डोक्यात जागती ठेवली. पुढे २७ वर्षांनी, त्याच तारखेला, म्हणजे २५ डिसेंबर १९५४ रोजी, आपल्याच पुणे जिल्ह्यात देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. एक स्मृती टाकली आणि दुसरी स्मृती स्वीकारली. टाकलेली स्मृती आपल्याला नीच ठरवीत होती. स्वीकारलेली स्मृती आपल्याला आपल्या शीलाची आठवण देते. परंतु जुनी स्मृती कागदावर जळाली म्हणून मनातून आपोआप जात नाही, आणि नवी स्मृती मूर्ती बसवली म्हणून मनात आपोआप येत नाही. रोजच्या व्यवहारात ती आणावी लागते. धर्मांतराचे उरलेले काम ते हेच आहे.

आता नुसते भान म्हणजे काय ते पाहू. इंदापूर तालुक्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्याचे पाणी आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी येतात, ते पाहायला दूरदूरचे लोक जमतात. त्या पाण्यात बगळाही उभा असतो. एका पायावर, मान आखडून, निश्चल. त्याचे चित्त इकडे तिकडे जात नाही. पाण्यावर तरंग उठला तरी त्याला कळते. इतके भान तुम्हाआम्हाला तासभर ठेवता येणार नाही. पण आपल्या भाषेत त्याला बकध्यान म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत, कारण बगळ्याचे सारे लक्ष माशावर आहे. बगळ्याला दोष देण्याचे कारण नाही, त्याचे पोट त्यावर आहे. परंतु माणसाने बगळ्याचे भान मिळवले आणि त्यालाच साधना समजला, तर तो दोषी आहे. खिसेकापूही असाच सावध असतो. सावकाराच्या वहीत एक आकडा चुकत नाही. निवडणुकीच्या दिवसांत वस्तीवर पैसे वाटायला येणारा माणूस कोणाचे मत कुठे आहे हे पक्के ओळखून असतो. या सर्वांना भान आहे, यांपैकी एकालाही सम्यक स्मृती नाही.

हा भेद आपण पदरचा काढलेला नाही. अभिधम्मात चित्तासोबत उठणाऱ्या मनोधर्मांची मोजणी केली आहे. त्यात मनसिकार, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे मन वळणे, हा प्रत्येक चित्तात असतो असे सांगितले आहे. चोराच्या चित्तात असतो, भिक्खूच्या चित्तात असतो, लहान मुलाच्याही चित्तात असतो. सति मात्र त्या सर्वसाधारण यादीत नाही. ती शोभन, म्हणजे सुंदर मनोधर्मांच्या यादीत आहे. द्वेषाने किंवा लोभाने भरलेल्या चित्तात ती नसते. मन एखाद्या गोष्टीवर लागले एवढ्याने स्मृती झाली असे होत नाही. ते चांगल्याच्या आठवणीसह लागले पाहिजे.

ही आठवण कशाची? भदंत नागसेन यांना राजा मिलिंदाने हाच प्रश्न विचारला होता. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्याची राजधानी सागल. स्मृतीचे लक्षण काय, असे त्याने विचारले तेव्हा नागसेनांनी राजाच्या कोठाराचा कारभारी पुढे ठेवला. चक्रवर्ती राजाचा कारभारी सकाळ-संध्याकाळ राजाला सांगतो, की महाराज, आपले इतके हत्ती आहेत, इतके घोडे आहेत, इतके सोने आहे, हे ध्यानात ठेवा. त्याप्रमाणे स्मृती मनाला सांगते, की हे कुशल आहे, हे अकुशल आहे, हे तुझे शील आहे, हा तुझा मार्ग आहे. पुढे नागसेन आणखी एक लक्षण सांगतात. स्मृती हितकारक काय ते घेते आणि अहितकारक काय ते सोडते. भान हे काही करीत नाही. भान आरशासारखे आहे. जे समोर आले ते दाखवील, चोर आला तर चोर दाखवील आणि साव आला तर साव. त्याला थांबव, याला आत घे, हे आरसा सांगत नाही.

भगवान बुद्धांनी यासाठी आणखी एक दृष्टान्त दिला आहे, तो आपल्या समाजाच्या काळजाला भिडेल असा आहे. अंगुत्तर निकायात ते सीमेवरच्या तटबंदीच्या नगराचे वर्णन करतात. त्या नगराच्या वेशीवर एक द्वारपाल असतो. तो शहाणा, अनुभवी व चतुर असतो. अनोळख्याला तो अडवतो, ओळखीच्याला आत सोडतो. तथागत म्हणतात, आर्यश्रावकाची स्मृती ही त्या द्वारपालासारखी असते. पूर्वी केलेले आणि पूर्वी ऐकलेले त्याच्या लक्षात राहते, म्हणून तो अकुशल सोडतो व कुशल वाढवतो.

वेशीवरचा राखणदार म्हटले की आपल्याला आपले आजे-पणजे आठवले पाहिजेत. गावाच्या वेशीवर वेसकर कोण होता? आपलाच माणूस होता. थंडीत घोंगडी घेऊन तो रात्रभर जागत होता. गावात कोण आले, कोण गेले, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. भानाच्या बाबतीत त्याच्यात काही उणे नव्हते. परंतु कोणाला आत घ्यायचे याचा निर्णय पाटलाचा होता. ज्या गावाची तो राखण करीत होता, त्या गावच्या विहिरीवर त्याला घागर भरता येत नव्हती. दुसऱ्याच्या धनाची राखण, दुसऱ्याच्या हुकमाने, आणि बदल्यात भाकरतुकडा. या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली.

वेसकराचे वतन गेले ते चांगलेच झाले. परंतु विचार करा, आपण आपल्या मनाच्या वेशीवर आज कोणत्या राखणदाराला बसवले आहे? जुन्या वेसकराला, की तथागतांच्या द्वारपालाला? ज्याला नुसते भान आहे तो मनाच्या वेशीवर जुन्या वेसकरासारखा बसतो. राग आला हे त्याला दिसते, मोह आला हे त्याला दिसते, पण आत कोणी यावे हे ठरवणारा दुसराच कोणी असतो. कधी बाटली ठरवते, कधी पुढारी ठरवतो, कधी भाऊबंदकीतले वैर ठरवते. ज्याला सम्यक स्मृती आहे तो पाहतोही आणि निर्णयही स्वतः घेतो. त्याला आपले शील आठवते, म्हणून तो म्हणतो, हा राग आहे, याला मी ओळखतो, याने मागे माझे घर मोडायला आणले होते, याला आत प्रवेश नाही. जागेपण तेच असते, पण हा राखणदार गुलाम नसतो.

हे रोजच्या जगण्यात कसे आणायचे ते आता पाहू. सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी स्मृतीच्या चार जागा सांगितल्या आहेत. काया, वेदना, चित्त आणि धम्म. याच क्रमाने चार उदाहरणे घेऊ.

पहिली काया. आपल्या भागात नीरा डाव्या कालव्याचे पाणी पाळीने येते. पाळी रात्रीची आली, किंवा विजेची वेळ रात्रीची असली, तर दारे धरायला रात्री जावे लागते. पाटाचे पाणी एका सरीत गेले की तिचे तोंड फावड्याने बंद करायचे आणि दुसऱ्या सरीचे उघडायचे. हातात बॅटरी, पायाखाली चिखल, कधी साप. अशा वेळी चालताना चालणे कळावे, वाकताना वाकणे कळावे, हे कायेचे भान झाले. साधनेची ती पायरी आहे आणि तिला कमी लेखू नये. परंतु नुसता बांधावर बसून पाणी वाहताना पाहणारा माणूस दारे धरत नसतो. कोणती सरी भिजली, कोणती कोरडी राहिली हे ज्याला आठवते आणि जो वेळेवर उठून फावडे घालतो, त्यालाच दारे धरणारा म्हणतात. तसेच डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा आणि मन ही सहा दारे आहेत. त्यांतून काय वाहते आहे हे पाहावे, कोणते दार बांधायचे हे आठवावे, आणि उठून ते बांधावे. म्हणूनच अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आधी आणि सम्यक स्मृती लगेच नंतर सांगितली आहे. दोघे हातात हात घालून चालतात.

दुसरी वेदना. पालीत वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा यांपैकी काहीच नसलेला अनुभव. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागलेला एखादा आपला तरुण भाड्याची खोली पाहायला जातो असे समजा. खोली पसंत पडते, भाडे ठरते. मग मालक आडनाव विचारतो. आडनाव ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलतो आणि खोली अगोदरच दुसऱ्याला दिली असल्याचे त्याला आठवते. त्या तरुणाच्या कानशिलात गरम होते, छातीत धडधडते. ही दुःखद वेदना. प्रतीत्यसमुत्पादात वेदनेनंतर तृष्णा सांगितली आहे. सुखद असेल तर हवेसे वाटणे, दुःखद असेल तर नकोसे वाटणे, त्यातूनच पुढे द्वेष. या दोहोंच्या मध्ये स्मृतीची जागा आहे. ती तेथे उभी राहिली तर साखळी तुटते. ती नसेल तर तो तरुण एक तर तेथेच शिवीगाळ करून हाती आलेली बाजू घालवतो, नाही तर तो अपमान गिळतो आणि रात्री गुत्त्यात किंवा घरात बायकामुलांवर ओकतो.

येथे कोणी म्हणेल, मग स्मृती म्हणजे अपमान सहन करणे का? अजिबात नाही. असे सांगणाऱ्याला धम्मही कळला नाही आणि बाबासाहेबही कळले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर काय झाले ते आठवा. आपले लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून सनातन्यांनी परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालवल्या, बायकामुलांनाही सोडले नाही. आपल्याकडे त्या वेळी माणसे कमी नव्हती, त्यांच्या हातांत बळही होते, पुष्कळांनी लष्करात नोकरी केलेली होती. ते फक्त बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. राग त्यांना आला नसेल का? पण आपण कशासाठी आलो होतो, हे त्यांना त्या क्षणी आठवत होते. पाण्यावरचा माणुसकीचा हक्क सिद्ध करण्यासाठी. म्हणून त्यांनी हल्लेखोरांना कायद्यापुढे उभे केले आणि तळ्याचा दावा शेवटपर्यंत लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो आपल्या बाजूने निकालात काढला. दहा वर्षे त्यांनी हेतू विसरू दिला नाही. बौद्ध धम्माच्या दीक्षेला तेव्हा २९ वर्षे अवकाश होता, तरी स्मृती म्हणजे काय हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा त्या तरुणाने स्मृतीने काय करावे? वेदना आली हे पाहावे. द्वेषाला दारातच ओळखावे. आणि मग संविधानाचा अनुच्छेद १७ आठवावा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आठवावा, चार जाणत्या माणसांना सोबत घ्यावे आणि जे न्याय्य आहे ते शांत डोक्याने व न घाबरता करावे. द्वेष गेला तरी लढा जात नाही. उलट डोके ठिकाणावर राहते म्हणून लढा नीट होतो.

तिसरे चित्त. या भागात घरोघर जनावरे आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर घालायचे असते. फॅट किती लागेल, लिटर किती भरेल, हे दूध घालणाऱ्याला किटली उचलल्याबरोबर समजते. एखाद्या दिवशी दूध कमी निघते आणि मनात येते, तांब्याभर पाणी ओतले तर कोणाला कळणार आहे? आता पाहा, पाणी ओतताना त्या माणसाचे लक्ष किती असते! हात जराही हलत नाही. कोणी पाहत नाही ना, याकडेही त्याचे ध्यान असते. भान पूर्ण आहे. पण 'चित्तात लोभ उठला आहे' हे त्याने पाहिले नाही, आणि पौर्णिमेला हात जोडून दुसरे शील म्हटले होते हे त्याला आठवले नाही. ज्या उपासकाला ते आठवते तो तांब्या खाली ठेवतो. महिन्याच्या हिशेबात त्याला थोडे कमी मिळेल, पण आपल्या पोराला तो नजर वर करून खोटे बोलू नको असे सांगू शकेल. आपल्या समाजाला मान मिळवून देणारी गोष्ट हीच आहे, बॅनरवरचे फोटो नव्हेत.

चौथी जागा धम्म. म्हणजे मनात येणाऱ्या विचाराला धम्माच्या कसोटीवर लावणे. घरात लग्न ठरते आणि भाऊबंद म्हणतात, मुहूर्त पाहून घ्या, देवाला एक नारळ ठेवायला काय हरकत आहे, लोक काय म्हणतील? पोरगा आजारी पडला की कोणी सांगते, अमक्या जत्रेला नवस करा. त्या क्षणी सगळ्यांना सगळे ऐकू येत असते, पण २२ प्रतिज्ञा आठवत नाहीत. त्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेल्या असतात. ज्या उपासिकेला त्या आठवतात ती म्हणते, आपण पोराला दवाखान्यात नेऊ, औषध देऊ, रात्री त्याच्या उशाशी बसू आणि मैत्री भावना करू. ती भांडत नाही, कोणाचा अपमान करीत नाही, पण दार सोडत नाही. आपल्या घराघरांत असे द्वारपाल बहुतेक वेळा आपल्या आयाबहिणीच होत्या आणि आहेत. त्याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. मात्र राखणीचे काम त्यांच्या एकट्यांच्या गळ्यात घालून पुरुषांनी मोकळे राहू नये.

आजकाल स्मृतीला 'माइंडफुलनेस' या नावाने मोठा भाव आला आहे. कंपन्यांत त्याचे वर्ग चालतात, मोबाइलवर घंटा वाजवून श्वास पाहायला सांगतात. श्वासाकडे पाहणे तथागतांनीच शिकवले आहे, त्याने मन निवते, झोप चांगली लागते, यात वाईट काही नाही. ज्याला त्याचा उपयोग होतो त्याने अवश्य करावा. पण शीलाला वगळून केलेला श्वासाचा अभ्यास अर्धवट आहे. त्याने कामगार जास्त काम करू लागेल, व्यापारी जास्त थंडपणे सौदा करील. माझ्या या कामाने कोणाचे अहित होते का, हा प्रश्न त्यात कोणी विचारीत नाही. तथागतांच्या मार्गात हाच प्रश्न पहिला आहे. श्वास पाहावा, पण तो पाहून झाल्यावर उठून काय करायचे हेही आठवावे.

आता शेवटचा मुद्दा, याचा अभ्यास कसा करावा. यासाठी दूर जायला नको. भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला, लहानग्या राहुलाला, राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे जो उपदेश केला तो पुरेसा आहे. त्यांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो म्हणाला. तथागतांनी त्याला सांगितले, की तसेच पाहून पाहून कर्म करावे. शरीराचे असो, वाणीचे असो वा मनाचे असो, प्रत्येक कर्म करण्यापूर्वी पाहा, करताना पाहा, केल्यानंतर पाहा. याने मला, दुसऱ्याला वा दोघांना पीडा होईल काय? होत असेल तर करू नको, चालू असेल तर थांबव, झाले असेल तर जाणत्यांपुढे उघड कर आणि पुढे संयम राख. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे धम्मग्रंथ भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत व मनात धरावेत म्हणून नावाने सांगितले, त्यांत खोटे बोलण्यासंबंधी राहुलाला केलेला उपदेश आहे. सम्राटाला जो उपदेश गृहस्थांनाही आवश्यक वाटला तो आपल्यालाही पेलण्यासारखा आहे. नुसता आरसा काही ठरवीत नाही, असे वर म्हटले. राहुलाला दिलेल्या उपदेशात आरशासोबत हा प्रश्न आहे, म्हणूनच त्याची स्मृती होते.

तेव्हा येत्या पौर्णिमेपर्यंत एवढे करा. सकाळी उठल्यावर त्रिशरण-पंचशील म्हणा आणि पाचांपैकी ज्या शीलात आपण कमी पडतो असे एकच शील त्या दिवसासाठी मनाशी धरा. ज्याचा राग अनावर आहे त्याने पहिले, ज्याच्या तोंडाला हिशेब नाही त्याने चौथे, ज्याचे पाय संध्याकाळी गुत्त्याकडे वळतात त्याने पाचवे. दिवसभरात आपल्या घराचा उंबरठा जितक्या वेळा ओलांडाल तितक्या वेळा एक श्वास थांबून ते शील आठवा. उंबरठा सगळ्यांना आहे, त्याला पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही. रात्री निजण्यापूर्वी कारभाऱ्याने राजापुढे हिशेब मांडावा तसा मनापुढे मांडा, की आज किती वेळा आठवले, किती वेळा विसरलो. विसरलो असे दिसले तर खंत करीत बसू नका. विसरलो हे कळणे हीसुद्धा आठवणच आहे. आणि कुटुंबात नवरा-बायको, बाप-लेक यांनी एकमेकांना या शीलाची आठवण करून द्यावी, पण टोमणा मारून नव्हे, प्रेमाने.

वस्तीत विहार बांधायला वर्गणी लागते, जागा लागते, ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. मनाच्या वेशीवर शहाणा द्वारपाल बसवायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या पूर्वजांना दुसऱ्यांच्या गावासाठी रात्री जागावे लागले. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून सोडवले आणि तथागतांच्या चरणी आणून उभे केले. आता आपण स्वतःसाठी, आपल्या लेकरांसाठी आणि सर्व प्राणिमात्रांच्या हितासाठी जागे राहू या, आणि कशासाठी जागे आहोत हे विसरू नये.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.